डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप: सहा महिने रोज वापरल्यानंतर

दोन्ही बाजूंचं दूध एकाच वेळी काढणारा, चार्जिंगवर चालणारा हा पंप मी बाळ महिन्याचं झाल्यापासून वापरते आहे. बाळ आता सात महिन्यांचं झालंय. घेण्याआधी जे रिव्ह्यू वाचले त्यांत बहुतेकांचा भर एकाच गोष्टीवर होता: किती मिनिटांत किती मिली दूध निघतं. मला विचाराल तर या यंत्राची खरी कसोटी निराळी आहे. त्याच्यामुळे आईला रात्री सलग किती झोप मिळाली, ते बघायला हवं. त्या कसोटीवर हा पंप पैसे वसूल आहे, आणि त्यातल्या उणिवाही मी त्याच हिशेबाने सांगणार आहे.

नवजात बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा दूध पितं. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं यात पाऊण-एक तास सहज जातो आणि पुढच्या वेळेपर्यंत हातात उरतो जेमतेम तासा-दोन तासांचा तुकडा. माझं सिझेरियन झालं होतं. त्यामुळे प्रत्येक वेळी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताच्या आधाराने उठायचं आणि टाक्यांवर ताण येऊ द्यायचा नाही, एवढं सगळं करेपर्यंत झोप पार उडून जायची. जखम भरून यायला झोप लागते, आणि नेमकी तीच मिळत नाही.

आम्ही बसवलेली घडी अशी: रात्री नऊच्या सुमारास मी बाळाला अंगावर पाजते आणि झोपते. मधलं पाजणं नवरा बाटलीने करतो, मी आधी काढून ठेवलेल्या दुधातून. अडीचच्या आसपास छाती भरून येते आणि मला आपोआप जाग येते. तेवढ्यात चार-साडेचार तास सलग झोप होते. अशी झोप मिळायला लागली त्या आठवड्यापासून डोकं दुखायचं थांबलं, आणि दिवसा बाळाशी बोलावंसं वाटायला लागलं. एक मात्र लक्षात ठेवा. दूध मागणीवर तयार होतं, आणि दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत रात्रीचं एकच पाजणं दुसऱ्याकडे द्यावं. संपूर्ण रात्र बाटलीवर काढली तर छाती दाटते आणि हळूहळू दूधही कमी होतं.

अंगावर पिणं नीट जमलं असेल तर पहिले तीन-चार आठवडे पंप आणि बाटली दोन्ही बाजूला ठेवलेले बरे. बाळ अतिदक्षता विभागात असेल किंवा त्याला ओढताच येत नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जन्मानंतर पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करावी लागते. चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं अगदी पहिलं दूध, थेंबाथेंबाने येतो आणि पंपाच्या भांड्यालाच चिकटून वाया जातो, म्हणून तो हाताने पिळून चमच्यात किंवा सिरिंजमध्ये घेतलेला चांगला. त्यापुढच्या काळात दिवसभर फक्त पंपावरच अवलंबून असणाऱ्या आईने हॉस्पिटल ग्रेडचा, म्हणजे रुग्णालयात वापरतात तसा दणकट पंप भाड्याने घ्यावा. घरगुती पंपाची मोटर इतक्या कामासाठी बनवलेली नसते.

आता फ्लँज, म्हणजे स्तनावर बसणारी ती फनेलसारखी वाटी. या पंपाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. खोक्यात 24 आणि 28 मिमीच्या दोनच वाट्या आल्या. मला दोन्ही मोठ्या. स्तनाग्राभोवतीचा गडद भाग आत खेचला जायचा, पंप बंद केल्यावर तिथे सुजलेलं लालसर वळ दिसायचं आणि दूध थेंब थेंब यायचं. माप घेणं सोपं आहे: पंप लावण्याआधी स्तनाग्राच्या बुडाशी फक्त त्याचीच रुंदी मिमीमध्ये मोजायची, गडद भाग धरायचा नाही, आणि त्याहून एक ते तीन मिमी मोठी वाटी घ्यायची. वाटीच्या आत बसवून तिचं माप लहान करणारं 17 मिमीचं सिलिकॉनचं इन्सर्ट वेगळं मागवलं आणि पहिल्याच दिवशी दुखणं गेलं. वाटी बरोबर बसली की स्तनाग्र वाटीच्या नळीसारख्या भागात मोकळं पुढे-मागे हलतं, कडेला घासत नाही, आणि काढल्यावर पांढरं किंवा जांभळं पडलेलं नसतं. एवढं महत्त्वाचं माप कंपनीने ग्राहकावर सोडावं हे मला अजिबात पटत नाही. निदान तीन-चार आकाराची इन्सर्टं खोक्यातच द्यायला हवीत.

ओढीच्या नऊ पायऱ्या आहेत. मी चौथीवर असते. ओढ वाढवली की दूध जास्त येतं हा समज सोडून द्या. पान्हा ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे फुटतो, आणि दुखत असेल, मनावर ताण असेल तर तो अडतो. मी आधी हलक्या, जलद ठेक्यावर मिनिट-दोन मिनिटं ठेवते. छातीत मुंग्या आल्यासारखं होतं, मग थेंबांच्या जागी बारीक धारा सुरू होतात. तेव्हा संथ, खोल ओढीवर न्यायचं. धारा थांबल्या की पुन्हा हलक्या ठेक्यावर आणलं तर बऱ्याचदा दुसरा पान्हा येतो. सुरुवातीच्या दिवसांत पाजताना किंवा दूध काढताना ओटीपोटात कळ येते तीही याच ऑक्सिटोसिनमुळे. गर्भाशय आकसून पूर्ववत होत असतं. घाबरू नका. मात्र तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल किंवा रक्ताच्या मोठ्या गाठी पडत असतील तर लगेच डॉक्टरांना कळवा.

बाटलीत किती पडलं यावरून स्वतःचा निकाल लावू नका, ही माझी अगदी मनापासून विनंती आहे. बाळाला पाजून झाल्यावर दोन्ही बाजू मिळून 15-30 मिली निघणं ठीकच आहे. पाजणं चुकवून त्याऐवजी पंप लावला तर 60 ते 90 मिली. एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसभरात सरासरी 750 मिलीच्या आसपास दूध घेतं, तेही अनेक वेळा मिळून. दूध पुरतं की नाही हे बाळ सांगतं: पाचव्या दिवसानंतर दिवसाला किमान सहा ओले लंगोट, आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्माचं वजन भरून आलेलं.

फ्रीझर पिशव्यांनी भरून टाकायच्या नादात दिवसरात्र पंप लावणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. शरीराला तेवढी मागणी दिसते, दूध गरजेपेक्षा जास्त तयार होतं आणि मग दाटणं, गाठी, स्तनदाह. गाठ आली की गरम शेक आणि जोरात मसाज हा जुना सल्ला आता बदललाय. ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शनात थंड शेक, हलका हात आणि जास्तीचं दूध न काढणं असं सांगितलंय. त्या बाजूने पाजणं चालूच ठेवायचं. ताप, थंडी, लाल झालेला दुखरा भाग दिसला तर डॉक्टर.

साठवणीचं गणित मी फ्रिजच्या दारावर लिहून लावलं, कारण रात्रीच्या माणसाला ते आठवत नाही. ताजं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. फ्रीझरमधलं फ्रिजमध्ये वितळवलं की चोवीस तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेली बाटली दोन तासांत संपवायची, नाहीतर ओतून द्यायची. मायक्रोवेव्ह नको, गरम पाण्यात बाटली धरायची. वर आलेला सायीचा थर हलक्या हाताने घोळवला की मिसळतो.

बाटली देणाऱ्यासाठी: बाळ जवळपास बसतं धरायचं, बाटली आडवी, निपल सगळ्यात हळू प्रवाहाचं, मध्ये मध्ये थांबायचं. नाहीतर बाळाला भसाभसा दुधाची सवय लागते आणि अंगावर ओढायचा कंटाळा येतो. आणि आई झोपलेली असताना बाळ पाठीवर, सपाट, घट्ट गादीवर, उशी-पांघरुणाशिवाय. थकलेला माणूस बाळाला घेऊन सोफ्यावर पेंगला तर ते फार धोक्याचं असतं. पाळी वाटून घेण्याचं माझ्या दृष्टीने हेही एक मोठं कारण आहे.

धुण्याचा व्याप मोठा आहे. प्रत्येक बाजूला सुटे भाग बरेच, आणि दर वेळी धुवून हवेवर पूर्ण कोरडे करायचे. सिंकमध्ये थेट न टाकता वेगळ्या भांड्यात. बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत रोज उकळून घ्यायचे. नळीत बाष्प दिसलं तर ती पंपाला तशीच जोडून काही मिनिटं मोटर चालू ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ओढ मंदावली तेव्हा दोष बदकाच्या चोचीसारख्या त्या छोट्या व्हॉल्व्हचा निघाला. उजेडासमोर धरल्यावर त्याची चीर किंचित उघडी दिसत होती. नवा लावताच ओढ पहिल्यासारखी. जादा व्हॉल्व्ह घरात असू द्यात. बॅटरी आता पूर्वीइतकी टिकत नाही, आणि शांत खोलीत मोटरचा आवाज जाणवतो, पण बाळ त्याने उठत नाही.

पंपाने जे होत नाही तेही सांगते. पहिले दोन आठवडे विनाकारण रडू येणं बहुतेक जणींना होतं. त्यापुढेही उदास वाटत असेल, बाळ झोपलेलं असूनही झोप येत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. तिथे यंत्राचं काम नाही.

रात्री बाटली देणारं दुसरं कोणी घरात नसेल आणि तुम्ही दिवसभर बाळाजवळच असाल, तर हा पंप घेऊ नका, हातपंप पुरतो. दुसऱ्याचा वापरलेला घेणार असाल तर दूध मोटरपर्यंत पोचू न देणारा, बंद रचनेचा आहे ना हे आधी तपासा, आणि दुधाला लागणारे सगळे भाग नवे घ्या. पंप वापरणं बंद करतानाही एकदम करू नका. मी सध्या एक वेळ कमी करते, काही दिवस थांबते, छाती दाटत नाही असं दिसलं की पुढची.