सफरचंदाच्या फुलोऱ्यावर दहिवर: पाणी, पंखा की शेकोटी?

एप्रिलमधल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीनंतर सकाळी सफरचंदाचं फूल हातात घ्या. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, काही झालंय असं वाटतही नाही. नखाने उभं चिरलं की मधला स्त्रीकेसर काळा पडलेला दिसतो. त्या फुलाला आता फळ धरत नाही. पूर्ण फुलोऱ्यात पारा उणे २.२ अंशांवर अर्धा तास राहिला तर साधारण १० टक्के फुलं जातात, उणे ३.९ वर ९० टक्के. म्हणजे जेमतेम पावणेदोन अंशांत वर्षाचं पीक.

हिमाचलात बाग असेल तर हे दोन अंश कुठून मिळवायचे, हा प्रश्न आहे.

सगळ्यात भरवशाचं पाणी. झाडांवरून तुषार चालू ठेवले की पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं आणि बर्फात गुंडाळलेलं फूल शून्याच्या आसपास तगून राहतं. इटलीच्या दक्षिण टिरोलमधल्या बागा अशाच वाचवतात. बर्फ काचेसारखा पारदर्शक हवा. दुधाळ दिसला तर पाणी कमी पडतंय. पण हिशेब करा: तासाला ३ मिलिमीटर म्हणजे हेक्टरी ३०,००० लिटर, आठ तासांचे २ लाख ४० हजार. मध्यरात्री वीज गेली तर पाणी न दिलेल्या बागेपेक्षा हाल वाईट, कारण ओल्या फुलावरून वाफ होताना ग्रॅममागे ६०० कॅलरी जातात. टाकी आणि डिझेल पंप दोन्ही नसतील तर या वाटेला जाऊच नका.

पंख्याला पाणी लागत नाही. वारा पडलेल्या रात्री थंड हवा जमिनीलगत बसते, उबदार हवा तिच्या वर राहते. दहाएक मीटर उंच खांबावरचा पंखा ही वरची उबदार हवा खाली ढकलतो, एक-दोन अंश मिळतात. एक पंखा चार-पाच हेक्टर सपाट बाग सांभाळतो. कुल्लूच्या खोऱ्यात, बियासकाठी थंड हवा साचते तिथे चार शेजाऱ्यांनी मिळून घ्यावा. कोटगढच्या उतारावरच्या चिंचोळ्या पट्ट्यांसाठी मी तो सुचवणार नाही. पश्चिमी विक्षोभासोबत, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसा-बर्फाच्या वादळी हवेसोबत, बोचरा वारा आला, तर वर उबदार थरच उरत नाही आणि पंखा नुसता फिरतो.

निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, म्हणून आपला हात आधी तिकडे जातो. धूर ऊब धरून ठेवत नाही, काम करते ती आच. एका मोठ्या जाळाची उष्णता सरळ वर निघून जाते. लहान लहान बऱ्याच लावा. फ्रान्समध्ये यासाठी मेणाचे डबे लावतात, हेक्टरी काही शे. खर्च दर रात्रीचा, शिवाय रात्रभर माणसं लागतात. वर्षाआड एखादीच वाईट रात्र येत असेल तर मात्र हेच परवडतं.

उतारावरच्या बागेत मी आधी खालच्या बांधावरचं दाट कुंपण मोकळं करीन, म्हणजे थंड हवा वाहून जाईल. गवत कापीन, माती ओली ठेवीन, पेंढ्याचं आच्छादन फुलोऱ्यापुरतं काढीन. आणि सर्वांत खालच्या पट्टीत, फुलांच्या उंचीवर एक थर्मामीटर टांगीन. दोन वसंतांच्या नोंदी हातात आल्या की पंपाचे पैसे काढायचे की डब्यांचे, ते ठरवता येईल.