गॅरी मूरची बदलती वाट : काही महिने सलग ऐकल्यानंतरचा अनुभव

गॅरी मूर या बेलफास्टमध्ये जन्मलेल्या गिटारवादकाचे १९८७ ते २००१ या काळातील अल्बम गेले कित्येक महिने मी प्रसिद्धीच्या क्रमाने ऐकत आलो आहे. काही सीडी ओळखीच्या संग्रहातून मिळाल्या, काही ऑनलाइन मागवाव्या लागल्या आणि ज्या मिळाल्याच नाहीत त्या स्ट्रीमिंगवर ऐकल्या. सोलापुरातल्या दुकानात जाऊन असे काही मागण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. ऐकण्याची साधने साधीच आहेत : एक जुना सीडी प्लेअर, मध्यम ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर, दोन छोटे स्पीकर आणि रात्री शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून तारेचा हेडफोन. एकदा ऐकून दिलेले मत आणि उन्हाळा उलटून पावसाळा सरेपर्यंत तोच अल्बम घरात वाजत राहिल्यावर झालेले मत यांत अंतर पडतेच. मूरच्या बाबतीत ते जास्तच पडते, कारण त्याच्याविषयीची बहुतेकांची मते अल्बम ऐकण्याआधीच ठरून गेलेली असतात.

संध्याकाळी पार्क चौकात जमणाऱ्या आमच्या चार-पाच जणांच्या बैठकीतही हीच स्थिती आहे. आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ असलेले अण्णा एके काळी लग्नसमारंभांतल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असत, आणि त्यांच्या लेखी मूर १९८९ मध्येच संपला. उलट बैठकीतला सर्वांत तरुण मुलगा, जो सध्या गिटार शिकतो आहे, त्याच्या दृष्टीने मूर सुरूच होतो १९९० मध्ये. ‘काका, त्याच्या आधीचं सगळं नुसतं केस मोठे ठेवून वाजवलेलं आहे,’ असे तो मला सांगतो, आणि अण्णा त्याच्याकडे पाहून चहाचा पेला बाजूला ठेवतात. मात्र १९९७ आणि १९९९ च्या अल्बमांचा विषय निघाला की दोघांचेही एकमत होते : ते ऐकण्याच्या लायकीचे नाहीत. या शेवटच्या एकमतावर माझा विश्वास बसेना, आणि हे सगळे अल्बम ओळीने ऐकण्याचे ते एक मोठे कारण होते.

दिशा बदलल्याचा आरोप करण्याआधी दिशा मुळात किती वेळा बदलली होती ते पाहावे लागते. पौगंडावस्थेतच मूर डब्लिनला येऊन स्किड रो या बँडमध्ये वाजवू लागला. सत्तरच्या दशकाच्या मध्यात कोलोसियम टू या बँडमध्ये त्याने जॅझ आणि रॉक यांचे अवघड मिश्रण हाताळले, तर १९७९ मध्ये थिन लिझी या आयरिश रॉक बँडच्या ‘ब्लॅक रोज’ या अल्बमवर तो आयरिश लोकधुनांच्या अंगाने वाजवताना ऐकू येतो. त्याच वर्षी थिन लिझीचा गायक फिल लिनॉट याच्या आवाजातले मूरचे ‘पॅरिसियन वॉकवेज’ हे गाणे ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेले. ऐंशीच्या दशकात तो हार्ड रॉकचा मानकरी झाला, १९८६ च्या जानेवारीत लिनॉटचे निधन झाल्यावर १९८७ चा ‘वाइल्ड फ्रंटियर’ त्याने मित्राच्या स्मृतीला अर्पण केला, आणि १९८९ च्या ‘आफ्टर द वॉर’नंतर तो ब्लूजकडे, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेल्या शैलीकडे वळला. म्हणजे १९९० चे वळण हे पहिले नव्हतेच. ते फक्त सर्वांत जास्त खपलेले वळण होते.

‘स्टिल गॉट द ब्लूज’ हा तो १९९० चा अल्बम. अल्बर्ट किंग व अल्बर्ट कॉलिन्स हे ब्लूजचे अमेरिकी गिटारवादक आणि बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन असे पाहुणे त्यावर आहेत, आणि पहिल्या ऐकण्यात लक्ष साहजिकच त्यांच्याकडे जाते. सलग ऐकल्यावर मात्र शीर्षकगीताविषयी एक गोष्ट अधिकाधिक ठळक होत गेली : ज्या गाण्याने मूरला जगभर ब्लूजवाला म्हणून ओळख दिली, ते गाणे रचनेच्या दृष्टीने ब्लूजचे नाहीच. ब्लूजचा पारंपरिक साचा बारा मात्राखंडांचा आणि मुख्यतः तीन कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन स्वरसमूहांचा असतो. या गाण्यात एका मायनर सप्तकात कॉर्ड चार-चार सुरांच्या अंतराने पुढे सरकत राहतात आणि फिरून मूळ स्थानी येतात. ‘पॅरिसियन वॉकवेज’चीही चाल याच चाकावर फिरते. मग याला ब्लूज का वाटावे? कारण त्या चाकावर मूरचा हात जे बोलतो ते ब्लूजचे आहे. तो तार ओढून सूर चढवतो, तो चढलेला सूर क्षणभर अपुराच ठेवतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या जोरावर त्याला श्वास संपेपर्यंत धरून ठेवतो. आपल्याकडे मींड ऐकून कान तयार झालेल्या माणसाला हे लगेच कळते, आणि मला वाटते की बैठकीत इतर कोणताही इंग्रजी अल्बम न ऐकणारी मंडळीसुद्धा या एका गाण्यापाशी थांबतात त्याचे कारण तेच असावे.

शुद्ध ब्लूजचे आग्रही रसिक याच अल्बमवर नाराज असतात. त्यांचे म्हणणे असे की मूर फार जोरात वाजवतो, फार सूर वाजवतो आणि दोन वाक्यांमध्ये शांतता ठेवत नाही. हे म्हणणे खोटे नाही. ‘ओह प्रिटी वुमन’मध्ये अल्बर्ट किंगची मोजकी, तुटक वाक्ये आणि मूरचा ओसंडून वाहणारा प्रवाह शेजारी-शेजारी ऐकले की फरक लपत नाही. तरीही महिनोन्‌महिने ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की हा जोर उसना नाही. तो रॉकमधून आलेला आहे आणि मूरने तो दाराबाहेर काढून ठेवल्याचे नाटक केले नाही. या अल्बमवरील ‘मिडनाइट ब्लूज’ हे त्याचे स्वतःचे, तुलनेने शांत गाणे मी आता शीर्षकगीतापेक्षा जास्त वेळा लावतो. अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या ‘हॉट १००’ यादीत पोहोचलेले मूरचे एकमेव गाणे म्हणजे या अल्बमचे शीर्षकगीत, आणि तेही ९७ व्या क्रमांकापर्यंतच गेले. युरोपातील त्याची लोकप्रियता आणि ब्लूजच्या मायदेशातील थंड स्वागत यांतली दरी एवढ्यावरून लक्षात यावी.

१९९२ चा ‘आफ्टर अवर्स’ अधिक गुळगुळीत आहे. त्यावर ब्लूजचा ज्येष्ठ गिटारवादक बी. बी. किंग आहे, पितळी वाद्यांचा ताफा आहे, सगळे जागच्या जागी आहे, आणि पाहुणे घरी असताना लावायला तो उत्तम आहे. एकट्याने ऐकताना मात्र माझे लक्ष त्यावरून वारंवार उडाले.

ज्या अल्बमने या सर्व काळात मला सर्वांत जास्त दिले तो म्हणजे १९९५ चा ‘ब्लूज फॉर ग्रीनी’. फ्लीटवुड मॅक या बँडचा संस्थापक गिटारवादक पीटर ग्रीन हा मूरच्या तरुणपणीचा आदर्श होता आणि त्याने आपली १९५९ ची लेस पॉल गिटार सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मूरला फार कमी किमतीत दिली होती. याच गिटारवर मूरने ग्रीनची गाणी पुन्हा वाजवली. त्या गिटारच्या दोन पिकअपपैकी (तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकीय भागांपैकी) मानेकडील पिकअपमधले चुंबक उलटे बसलेले आहे. त्यामुळे दोन्ही पिकअप एकदम चालू केले की आवाज काहीसा पोकळ आणि अनुनासिक येतो. साध्या स्पीकरवर हा फरक पुसट राहतो, हेडफोनवर मात्र ‘आय लव्हड अनदर वुमन’ लावल्यास तो स्पष्ट कानावर येतो. इथे मूरने आपला नेहमीचा जोर अक्षरशः गिळला आहे. ‘द वर्ल्ड कीप ऑन टर्निंग’सारखे गाणे तर जवळजवळ रिकाम्या खोलीत बसून वाजवल्यासारखे आहे. आमच्या बैठकीतील दोन्ही पक्षांना हा अल्बम फारसा भावत नाही. अण्णांना त्यात आग दिसत नाही, आणि तरुण मित्राचे म्हणणे असे की ही दुसऱ्याची गाणी आहेत. मला उलट असे वाटते की शुद्धतेच्या आग्रहींनी जे मागितले होते ते नेमके इथे आहे, फक्त ते मागणारे तोवर मूरकडे पाठ फिरवून बसले होते.

आता त्या दोन बदनाम अल्बमांकडे. १९९७ च्या ‘डार्क डेज इन पॅरडाइज’मध्ये मूरने तेव्हाच्या ब्रिटिश नृत्यसंगीतातले इलेक्ट्रॉनिक आवाज आपल्या गाण्यांत मिसळले आणि १९९९ च्या ‘अ डिफरंट बीट’मध्ये तो त्याच वाटेवर बराच पुढे गेला, नावातच त्याने ते जाहीर केले होते. तक्रार एकच ऐकू येते : यंत्राचा ठेका निर्जीव असतो आणि ब्लूजच्या माणसाने त्याला हात लावू नये. ही तक्रार अण्णांच्या तोंडून ऐकताना मला गंमत वाटते, कारण त्यांच्या लाडक्या ‘वाइल्ड फ्रंटियर’वर ड्रम वाजवणारा माणूस नाहीच, तिथला सगळा ठेका यंत्रावरच बांधलेला आहे. १९८७ मध्ये जे चालले ते १९९७ मध्ये का चालू नये, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. शिवाय मी सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत राहतो. यंत्रमागांच्या खटखटाटात ज्याचे बालपण गेले त्याला यंत्राचा ठेका निर्जीव असतो हे पटवून देणे कठीण आहे. एका शेडमधले दोन माग कधीही तंतोतंत एकाच वेळी पडत नाहीत आणि त्या किंचित मागेपुढे होण्यातूनच एक वेगळी लय कानात बसत जाते.

तेव्हा दोष यंत्राचा नाही. ‘अ डिफरंट बीट’ पुनःपुन्हा ऐकल्यावर मला दोष सापडला तो जागेचा. मूरच्या गिटारचे सगळे सामर्थ्य सूर लांबवण्यात आहे, आणि लांबवलेल्या सुराला खाली मोकळी जागा लागते. इथे ती जागा वेगवान, भरगच्च ठेक्याने आधीच व्यापलेली आहे. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या ‘फायर’ या गाण्याचे त्यावरील रूप ऐकावे : गिटार वाजते आहे, पण ती गर्दीत धक्के खात चालल्यासारखी. ‘हाऊस फुल ऑफ ब्लूज’मध्येही शीर्षकात ब्लूज आहे आणि गाण्यात त्याला बसायला खुर्ची नाही. याच अल्बमवरील ‘सरेंडर’ मात्र संथ आहे, तिथे ठेका मागे सरतो, आणि क्षणात तोच जुना हात पुढे येतो. माणूस बदलला नव्हता याचा पुरावा त्याच अल्बममध्ये आहे.

‘डार्क डेज इन पॅरडाइज’ला तर मी वाईट म्हणायलाच तयार नाही. पहिल्या आठवड्यांत तो मलाही विस्कळीत वाटला होता. पुढे तो रात्रीचा अल्बम झाला. ‘बिझनेस अ‍ॅज युज्वल’ हे त्यातले लांबलचक गाणे मूरने स्वतःच्या बेलफास्टमधील बालपणावर आणि पुढच्या भटकंतीवर लिहिले आहे. इतके आत्मचरित्रात्मक गाणे त्याच्या ब्लूज अल्बमांवर मला आढळले नाही. ब्लूज म्हणजे आपल्या वाट्याला आलेले आयुष्य सांगणे असेल, तर हे गाणे त्या व्याख्येत ‘आफ्टर अवर्स’मधील निम्म्या गाण्यांपेक्षा अधिक बसते. रसिकांनी ते नाकारले, कारण त्याला ओळखीचा पोशाख नव्हता.

आणि मग २००१ चा ‘बॅक टू द ब्लूज’. ब्लूजकडे परत आल्याची घोषणा करणाऱ्या या अल्बमचे पहिलेच गाणे ‘इनफ ऑफ द ब्लूज’ आहे, म्हणजे ब्लूज आता पुरे झाला. मूरने हे मिश्कीलपणे केले की वैतागून, हे ज्याने त्याने ठरवावे. मला त्यात दोन्ही ऐकू येते. अल्बम दमदार आहे, वादन निर्दोष आहे, ‘द प्रॉफेट’ ही शब्दांविना रचना तर त्याच्या उत्तम कामांत धरावी अशी आहे. पण ‘पिक्चर ऑफ द मून’ सुरू झाले की ‘स्टिल गॉट द ब्लूज’ आठवल्याशिवाय राहत नाही, इतका तो साचा उघड आहे. माझा तरुण मित्र हा अल्बम डोक्यावर घेतो आणि पुन्हा मार्गावर आलेला मूर म्हणून त्याचे कौतुक करतो. मला मात्र इथे रसिकांनी जिंकलेला आणि कलावंताने थोडा सोडून दिलेला असा काहीसा तह दिसतो. २००२ मध्ये ‘स्कार्स’ या नावाच्या बँडसह मूरने पुन्हा एकदा जड रॉककडे उडी मारली, यावरून तो तह फार काळ टिकणारा नव्हता हे दिसतेच. २००४ ते २००८ मधले त्याचे ब्लूज अल्बम मी अजून पुरेसे ऐकलेले नाहीत, म्हणून त्यांच्यावर बोलत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावे, असे विचारल्यास मी ‘स्टिल गॉट द ब्लूज’ आधी आणि त्याच्या लगेच मागोमाग ‘ब्लूज फॉर ग्रीनी’ सांगेन, म्हणजे त्या हाताची दोन टोके कळतील. ‘डार्क डेज’ विकत घेण्याआधी स्ट्रीमिंगवर निदान महिनाभर ऐकावा. ‘अ डिफरंट बीट’ विकत घेण्याची गरज नाही. अण्णांच्या पक्षातील लोकांनी मात्र ‘लाइव्ह अ‍ॅट माँट्रो २०१०’ हे मैफलीचे ध्वनिमुद्रण जरूर मिळवावे. त्या उन्हाळ्यात मूर ब्लूज बाजूला ठेवून पुन्हा आयरिश बाजाच्या रॉककडे वळला होता, जुन्या गाण्यांबरोबर त्याच वळणाची नवी गाणीही त्याने तिथे वाजवली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये स्पेनमधील एस्तेपोना येथे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचे निधन झाल्यामुळे त्या गाण्यांचा अल्बम त्याच्या हातून पुरा झाला नाही. मी ही डिस्क अण्णांना ऐकायला दिली आहे. ती त्यांनी अद्याप परत केलेली नाही, आणि तरुण मित्राचा नंबर त्यांच्यानंतर आहे.