सात हजारांचा फोन की अकरा हजारांचा? डब्याच्या धंद्यात दोन्ही वापरल्यावर

स्वस्तातला फोन घ्यायला गेलं की दुकानदार आधी कॅमेरा दाखवतो, मग बॅटरी, मग फाइव्हजीचा शिक्का. आतलं स्टोरेज कुठल्या प्रकारचं आहे, हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. फोन पहिल्या दिवशीसारखा चालत राहणार की वर्षाच्या आत रडायला लागणार, हे बरंचसं त्यावरच ठरतं. दोन्ही प्रकारचे फोन घरात एकाच वेळी आले आणि दोघांनाही सारखंच राबवलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कोपरखैरण्यात आमचा घरगुती डब्याचा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक बहुतेक महापे आणि घणसोलीच्या ऑफिसांतलं. एक फोन घरी ओट्याजवळ असतो: ऑर्डरी, व्हॉट्सॲप बिझनेस, महिन्याचा हिशेब, यूपीआय. दुसरा फोन दिरांच्या स्कूटरवर: नकाशा, गिऱ्हाइकांचे फोन, जागेवरच पैसे देणाऱ्यांसाठी क्यूआर. दोन्ही फोन पावसाळ्याआधी घेतले आणि दिवाळीनंतर मुद्दाम अदलाबदल केली, म्हणजे दोघांनी दोन्ही कामं केली.

मॉडेलची नावं लिहीत नाही. या किमतीतलं मॉडेल काही महिन्यांत दुकानातून जातं आणि जवळपास त्याच नावाचं, पण आतून वेगळं असं दुसरं येतं. आत काय आहे ते पाहून घ्या. पहिला फोन फोरजी, सात हजारांच्या आतला: ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, तेही ई-एमएमसी ५.१, म्हणजे हळू प्रकारचं. स्क्रीन एचडी प्लस, म्हणजे ७२० बाय १६००. चार्जर १० वॅटचा. दुसरा फाइव्हजी, अकरा हजारांच्या आसपासचा: ६ जीबी रॅम, १२८ जीबी यूएफएस २.२ (वेगवान प्रकारचं) स्टोरेज, फुल एचडी प्लस स्क्रीन, १८ वॅटचा चार्जर. बॅटरी दोघांचीही ५००० एमएएच.

पहिले दोन महिने फरक फार जाणवला नाही. सात हजारांचा फोन नवा असताना छान चालतो, आणि दुकानात हातात घेऊन पाहणाऱ्याची फसगत होते ती इथेच. फरक दिसायला लागला तो स्टोरेज भरत गेल्यावर. ६४ जीबीतली पंधरा-वीस जीबी सिस्टीमच खाते. उरलेल्यात सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, नातेवाइकांचे सणासुदीचे व्हिडिओ आणि गिऱ्हाइकांनी पाठवलेले पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट. बघता बघता फोन गळ्यापर्यंत भरतो.

ई-एमएमसी म्हणजे एकपदरी गल्ली. एका वेळी एकाच बाजूची गाडी जाणार; वाचायचं काम चालू असेल तर लिहायचं थांबणार. यूएफएसमध्ये वाचणं आणि लिहिणं एकाच वेळी चालतं. वेगही वेगळा: ई-एमएमसी ५.१ची कागदावरची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी, यूएफएस २.२ची त्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय हे स्टोरेज काठोकाठ भरलं की लिहिण्याआधी जुनी जागा मोकळी करण्यातच त्याचा वेळ जातो. आधीच हळू असलेला फोन तेव्हा आणखी अडतो.

धंद्यात याचा अर्थ काय, ते सांगते. सकाळी साडेदहा-अकराला ऑर्डरींची घाई असते. व्हॉट्सॲपवर फोटो उतरत असतात, तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो. फोरजी फोनवर रिंग वाजायला लागते, पण स्क्रीन काळीच. नाव दिसून उचलायचं बटण येईपर्यंत समोरच्याने ठेवलेलं असतं. दिरांची तक्रार वेगळी होती. महाप्यात ऑफिसच्या गेटवर ते उभे, गिऱ्हाईक पाचव्या मजल्यावरून खाली आलेलं, क्यूआर स्कॅन करून पैसेही पाठवलेले. ते आले का हे बघायला ॲप उघडलं तर पांढरी स्क्रीन. गिऱ्हाईक विचारतंय, "दादा, आले ना?" आणि दिर स्क्रीनकडे बघत उभे. "वहिनी, मला त्यांच्यासमोर लाज वाटते हो," असं ते घरी येऊन म्हणाले. माणूस विश्वासाने पैसे देतोय आणि आपण त्याला उन्हात थांबवतोय, हे मलाही आवडलं नाही.

अदलाबदल झाल्यावर फाइव्हजी फोन स्कूटरवर गेला आणि ती कुरकुर थांबली. त्याचं स्टोरेजही निम्म्यावर भरलेलं आहे. तरी नकाशा चालू असताना फोन आला, मध्येच यूपीआय उघडलं, परत नकाशावर आलं तरी नकाशा जिथे होता तिथेच सापडतो. फोरजी फोनवर नकाशा दर वेळी पहिल्यापासून उघडायचा. तो रॅमचा परिणाम. ४ जीबीत मागचं ॲप फार वेळ टिकत नाही.

यावर 'व्हर्च्युअल रॅम'ची जाहिरात असते, खोक्यावर ४ अधिक ४ असं मोठ्ठं लिहिलेलं. ती अधिकची रॅम खरी रॅम नव्हे, स्टोरेजचाच एक भाग रॅमसारखा वापरलेला असतो. हळू स्टोरेजवर ही सोय उलटी पडू शकते. आम्ही फोरजी फोनवर सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद केली, व्हॉट्सॲपचं आपोआप फोटो-व्हिडिओ उतरवणं बंद केलं, आणि दर रविवारी 'मॅनेज स्टोरेज'मध्ये जाऊन मोठे व्हिडिओ काढून टाकायचे असं ठरवलं. फोन बराच सुधारला. ज्यांच्याकडे असा फोन आधीच आहे त्यांनी नवा घेण्याआधी एवढं करून बघाच.

आता फाइव्हजीचं. निव्वळ फाइव्हजीसाठी चार हजार जास्त घालावेत असं माझं मत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर आणि ऑफिसांच्या भागात वेग खरंच जबरदस्त मिळतो. पण आमचं रो-हाउस आत गल्लीत, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत. स्वयंपाकघरात फोन बहुतेक वेळ फोरजीवरच येऊन बसतो. त्याला कारण आहे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ला फाइव्हजी सुरू झालं ते मुख्यतः ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर, म्हणजे एन७८ बँडवर. या लहरी वेग देतात, भिंती पार करताना मात्र कमजोर पडतात. ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ बँड भिंतीतून चांगला येतो, आणि २०२२च्या लिलावात तो एकट्या जिओने घेतला. तेव्हा फोनमध्ये कुठले बँड आहेत ते बघा. आणखी एक बघायचं: जिओचं फाइव्हजी एसए पद्धतीचं, म्हणजे स्वतंत्र चालणारं आहे, एअरटेलने सुरुवात एनएसए पद्धतीने, म्हणजे फोरजीच्या आधाराने केली. सगळेच स्वस्त फाइव्हजी फोन दोन्ही पद्धती चालवत नाहीत. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेला रेडमी ए४ ५जी फक्त एसएवर चालतो. आपलं सिम कुठलं आणि फोन काय चालवतो, हे जुळवूनच पैसे द्यावेत.

आमच्यासाठी चार हजारांचं मोल वसूल झालं ते फाइव्हजीच्या चिपबरोबर आलेल्या चांगल्या स्टोरेजमुळे आणि रॅममुळे.

स्क्रीनचा फरक मला मराठी वाचताना कळला. महिन्याच्या यादीत अक्षर बारीक ठेवलं तर एचडी प्लसवर अनुस्वार आणि रफार पुसट दिसतात, जोडाक्षरं एकमेकांत गेल्यासारखी वाटतात. फुल एचडी प्लसवर तीच यादी स्वच्छ. सासूबाई अक्षर सगळ्यात मोठं करून वाचतात, त्यांना दोन्ही फोन सारखेच. उन्हात दोन्ही फिके पडतात, ऑक्टोबरात तर हाताचा आडोसा करूनच बघावं लागतं.

कॅमेऱ्यावर जास्त लिहीत नाही. दोघांवर ५० मेगापिक्सेल लिहिलंय आणि दोघेही चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. दिवसा खिडकीपाशी डब्याचा फोटो दोन्हीत छान येतो. ट्यूबलाइटखाली फोरजीवाल्यात आमटीवरची फोडणी आणि कोथिंबीर एकच डाग दिसते, दुसऱ्यात थोडं बरं.

बोटाच्या ठशाचं कुलूप दोन्ही फोनमध्ये बाजूच्या बटणावर आहे. पोळ्या लाटणाऱ्या हाताला ते साथ देत नाही. बोटाच्या रेघांत कणीक बसलेली असते, बटणाच्या कडेला पिठाची पांढरी किनार तयार होते, आणि फोन ओळख दाखवत नाही. हात धुऊन आलं तर ओलं बोटही त्याला चालत नाही. मी पिन टाकते. चेहऱ्याने उघडायची सोय या किमतीत साध्या सेल्फी कॅमेऱ्यावर चालते, तिला फसवणं सोपं, म्हणून पैशांची ॲपं असलेल्या फोनवर मी ती चालू केलेली नाही. ऑर्डरींची उत्तरं मराठीत बोलून टाइप करते. ते दोन्ही फोनवर उत्तम चालतं, फोरजीवर शब्द उमटायला जरा वेळ लागतो एवढंच.

पावसात दोन्ही फोन जपावे लागले. खोक्यावर आयपी५२ किंवा आयपी५४ असा पाण्या-धुळीपासूनच्या बचावाचा शिक्का असेल तर ते थेंबांपुरतं आणि शिंतोड्यांपुरतं, जुलैतल्या नवी मुंबईच्या पावसासाठी ते संरक्षण नाही. दिर फोन पारदर्शक पाऊचमध्ये ठेवायचे. ओला फोन घरी आला की चार्जिंगची पिन लगेच लावू नका, पोर्ट वाळू द्या. पाणी गेल्याचं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

उन्हाळ्याचा त्रास त्याहून मोठा. स्कूटरच्या होल्डरमध्ये ऊन, वर नकाशा चालू, वर चार्जिंग, अशा तिहेरी तापात फोन चार्ज व्हायचा थांबतो. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून फोन स्वतःच थांबतो. बिघाड समजून घाबरू नका. काळं कव्हर काढलं आणि चार्जिंग घरीच पुरं करून निघायचं ठेवलं, तेव्हा हे कमी झालं. इथे १८ वॅटचा चार्जर कामी येतो: दोन तासांच्या आसपास फोन भरतो. १० वॅटवाल्याला तीन तास लागतात, पहाटे लावायचं विसरलं तर डबे निघेपर्यंत तो अर्धाच असतो.

मग कुणी कुठला घ्यावा? घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलायला, व्हॉट्सॲपला, भजन-कीर्तन ऐकायला आणि भाजीवाल्याला पैसे द्यायला सात हजारांचा फोन पुरे. त्यात ग्रुपचे व्हिडिओ आपोआप उतरू देऊ नका, म्हणजे झालं. ज्यांची कमाई फोनवर चालते, म्हणजे डिलिव्हरी, ॲपवरची रिक्षा, शिवणकामाच्या ऑर्डरी, शिकवण्या, त्यांनी महिना-दोन महिने थांबून का होईना, यूएफएसवाला घ्यावा. अकरा हजार जमत नसतील तर फोरजीतच यूएफएस असलेला फोन शोधा. कंपनीच्या संकेतस्थळावर स्पेसिफिकेशनमध्ये स्टोरेजचा प्रकार सहसा दिलेला असतो. रॅम आणि जीबी ठळक आणि प्रकाराचा पत्ताच नाही, असं दिसलं तर मी तो ई-एमएमसीच धरते.

जुना फोन घेणार असाल तर पैसे देण्याआधी स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक काढा, आणि इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ला पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं. नव्या फोनच्या बिलावरही तोच क्रमांक लिहिलाय ना, ते दुकानातच ताडून घ्या.