खिडकीवरून पॅटर्न बनवायचाय? स्टेन्सिल घ्यावं की लेझर

जुन्या घराची खिडकी, कौलांची रांग, देवळाची जाळी बघून डिझाइन सुचतं, पण ते कापडावर नाहीतर लाकडावर उतरवायचं कसं, हे मला बऱ्याच जणी विचारतात. मी रत्नागिरीत कुशन कव्हर, पडदे, दिव्याच्या शेड असं काम करते आणि स्टेन्सिल (आकार कापून काढलेली शीट, जिच्यावरून रंग थोपटतात) आणि मशीनवरचं लेझर कटिंग, दोन्ही वापरते. माझं मत, पॅटर्न अजून सापडायचा असेल तर स्टेन्सिल, आणि पक्का झालाय, वर त्यातून उजेड आरपार जायला हवा असेल तर लेझर.

आमच्याकडचंच उदाहरण घ्या. १८८५ साली हद्दपार केलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी इंग्रजांनी १९१० मध्ये बांधलेला थिबा पॅलेस, त्याच्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या मला फार आवडतात. मी त्यातली नक्षी सोडून दिली, नुसतं अर्धवर्तुळ उचललं, त्यात पंख्यासारख्या पाच फाका पाडल्या आणि ग्राफ पेपरवर एकाखाली एक मांडलं, तर अगदीच सपक दिसायला लागलं. मग खालची ओळ अर्ध्या घराने सरकवली आणि एकदम माशाचे खवले तयार झाले! हे कंप्युटरवर सुचलं नसतं असं नाही, पण स्टेन्सिल हातात घेऊन जुन्या चादरीवर इकडेतिकडे ठेवत, उलटं करत, रंग बदलत बघितलं म्हणून एका दुपारी सात-आठ प्रकार समोर आले.

स्टेन्सिलला खर्च म्हणाल तर मायलर शीट (चिवट प्लॅस्टिकची), कटर, स्पंज, बस. धुतलेली एक्स-रे फिल्मसुद्धा चालते. फक्त स्पंजवर रंग अगदी कमी घ्यायचा, आधी रद्दीवर टिपायचा आणि मग सरळ वरून थोपटायचा, घासलात की रंग कडेखाली शिरलाच म्हणून समजा. फॅब्रिक कलर पूर्ण सुकल्यावर उलट्या बाजूने इस्त्री मारायची, आणि पावसाळ्यात त्या सुकण्याला जादा वेळ धरायचा, इथली हवा काय असते ते तुम्हाला माहितीच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दोन्हीकडे लागू पडतं. खिडकीच्या पट्ट्या रंगवायच्या म्हणून पट्ट्याच कापल्यात तर मधली काच, म्हणजे मधला तुकडा, गळून पडतो, त्याला धरून ठेवायला बारीक पूल सोडावे लागतात. उलट काचेची जागा कापली तर पट्ट्या आपोआप एकमेकींना धरून राहतात, कारण खरी खिडकीही तशीच उभी असते. मी हल्ली नेहमी काचच कापते. कापडावर उजेडाच्या जागी रंग येतो आणि लाकडाच्या जागी कोरं कापड राहतं, फार सुंदर दिसतं.

लेझरची खरी मजा शेडमध्ये. दिवा लावला की भिंतीवर खवले पडतात, ते स्टेन्सिलने होणारच नाही. आणि एकसारखे पन्नास पीस हवे असतील तर हाताने कापायच्या नादी लागूच नका. पण फाइल साफ हवी, कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रेषा एकावर एक राहिल्या तर मशीन तिथे दोनदा फिरतं आणि कड काळी पडते. पट्टी शीटच्या जाडीपेक्षा बारीक ठेवू नका, ३ मिमीच्या शीटमध्ये दीड मिमीची पट्टी हातातच तुटते. कॉटनची कड जळते, पॉलिस्टरची वितळून बंद होते, म्हणून अ‍ॅप्लिकसाठी, म्हणजे कापलेला तुकडा दुसऱ्या कापडावर लावायला, पॉलिस्टर बरं. पीव्हीसी प्लॅस्टिक मात्र लेझरला कधीच द्यायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो, आणि रेक्झिन बहुतेक वेळा पीव्हीसीच असतं.

मटेरियलमध्ये मी एकदा फसले. एमडीएफची (लाकडाचा लगदा दाबून बनवलेल्या शीटची) जाळी पडवीत लावली, कडांना सीलर न मारता, आणि जुलैपर्यंत खवल्यांच्या कडा फुगून फाका निम्म्या बुजल्या. बाहेर लावायचं तर अ‍ॅक्रिलिक घ्या. वॉटरप्रूफ प्लाय सुचतो खरा, पण त्यातल्या गोंदामुळे लेझर नीट आरपार जात नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर हाताने कापलेल्या स्टेन्सिलने सुरू करा, पॅटर्न ठरला की तोच मायलरवर लेझरने कापून घ्या, शीट धुऊन पुन्हापुन्हा वापरता येते. शेडचा विचार त्यानंतर करा.