एकच सॉफ्टवेअर दोनदा विकत घेतलं: रिमोट डेस्कटॉपचे नऊ महिने

मागच्या महिन्यात मॅकओएसचं अपडेट टाकलं आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये (म्हणजे दूरचं मशीन आपल्या स्क्रीनवरून चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पलीकडच्या मशीनचा स्क्रीन काळाठिक्कर. माउसचा बाण तेवढा हलतोय. बनवणाऱ्यांच्या साइटवर गेले तर दुरुस्त आवृत्ती हजर. माझ्याकडे मात्र अपडेटचं बटणच उमटेना, कारण मी घेतलंय मॅक ॲप स्टोअरमधून आणि तिथे प्रत्येक आवृत्ती तपासणीतून सुटल्यावरच मिळते. चार दिवस साइटवरची ट्रायल टाकून काम निभावलं. त्या चार दिवसांत कळलं की आठ महिने मी जे वापरतेय ते याच नावाचं भलतंच सॉफ्टवेअर आहे.

स्टोअरमधून का घेतलं? चिकूपणा, दुसरं काय. एकदा पैसे भरले की त्याच अकाउंटच्या सगळ्या मॅकवर चालतं. साइटवरचं लायसन्स दोन मशीनपुरतं आणि माझी मशीन तीन. वेग, रंग, रिझोल्यूशन यांबद्दल लिहीत नाही. कंपनी सांगते ते बहुतेक खरं आहे.

मला बोलायचंय ते कीबद्दल. पलीकडच्या मशीनचं व्हीएनसी पोर्ट (दूरचा स्क्रीन दाखवणाऱ्या पद्धतीचं जोडणीचं दार), म्हणजे ५९००, इंटरनेटवर उघडं टाकायची माझी हिंमत नाही. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसी पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात. तुम्ही वीस घाला, नवव्याला कोणी विचारत नाही. म्हणून मी एसएसएच टनेलमधून, म्हणजे दोन मशीनमधल्या कूटबद्ध वाटेने, जाते आणि त्यासाठी लागते प्रायव्हेट की, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त फाइल. ती असते होम फोल्डरमधल्या 'डॉट एसएसएच' नावाच्या लपलेल्या फोल्डरात. टर्मिनल (मॅकची कमांड टाइप करायची खिडकी) ती न विचारता उचलतं. स्टोअरवाल्या ॲपला ते जमत नाही. जून २०१२ पासून तिथल्या ॲपना सँडबॉक्सची, म्हणजे आपापल्या कुंपणातच राहण्याची, सक्ती आहे, त्यामुळे असली फाइल तुम्ही स्वतः दाखवल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही.

आता बघा. कनेक्ट दाबायचं. 'की निवडा' अशी विंडो येते. होम फोल्डर उघडायचं, त्यात डॉट एसएसएच दिसतच नाही. कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम एकदम दाबायचं, मग सगळी लपलेली फोल्डरं फिकट रंगात उगवतात. त्यातून हवं ते शोधून आत शिरायचं आणि की निवडायची. (घाईत मी दोनदा 'डॉट पब' वाली फाइल निवडली आहे. ती पब्लिक की, तिने दार उघडत नाही.) ॲप बंद करून उघडलं की पुन्हा श्रीगणेशा. दिवसातून तीनदा, आठ महिने! ट्रायलमध्ये पहिल्यांदा कनेक्ट दाबलं तेव्हा बोटं सवयीने कमांड-शिफ्टवर जाऊन बसली होती. विंडो आलीच नाही, थेट डेस्कटॉप समोर.

सपोर्टला मेल केला. उत्तर आलं, सँडबॉक्समुळे आमचे हात बांधलेले आहेत. साफ खोटं नाही, पण अर्धवट नक्कीच. एकदा दिलेली परवानगी ॲपला लक्षात ठेवता येते, त्याची सोय सँडबॉक्समध्येच आहे. त्याच स्टोअरमधून घेतलेला माझा टेक्स्ट एडिटर ती वापरतो. हे कळवल्यावर 'सूचना टीमकडे पोचवली आहे'. बरं, मग स्टोअरची पावती बघून साइटची लायसन्स की तरी द्या? नाही. रिफंड? तो स्टोअरकडे मागा. आठ महिने वापरून झाल्यावर कुठल्या तोंडाने मागू?

शेवटी साइटवरून दुसऱ्यांदा विकत घेतलं. इथवर लिहून मी स्टोअरला एक स्टार देणार होते.

पण दोन आठवड्यांनी लॅपटॉपचा लॉजिक बोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) गेला. नवा बसवून आणला, लायसन्स की टाकली, तर 'ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली'. नवा बोर्ड म्हणजे यांच्या लेखी नवं मशीन. जुन्यावर जाऊन डीॲक्टिव्हेट करा म्हणे. कुठे जाऊ, भंगारात? वार शनिवार. माणसाचं उत्तर सोमवारी दुपारी आलं. दरम्यान स्टोअरमध्ये लॉग इन केलं, खरेदीच्या यादीतून ॲप उतरवलं, बॅकअपमधून डॉट एसएसएच परत आणलं आणि पाच मिनिटांत कामाला लागले. कमांड, शिफ्ट, पूर्णविराम. इतक्या आनंदाने ते कधीच दाबलं नव्हतं.

तेव्हा स्टोअरला तीन स्टार. विंडोज मशीनला आरडीपीने (विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉप पद्धतीने) जोडत असाल आणि एसएसएचशी संबंध नसेल तर खुशाल तिथून घ्या. पण आठवड्याची ट्रायल आधी साइटवरून उतरवून वापरा आणि दोन्ही आवृत्त्यांत फरक काय, ते मेलने विचारून घ्या. त्यांच्या फीचरच्या पानावर तो नाही. आणखी एक, आमच्यासारख्या चिकूंसाठी: एकरकमी घेतलेल्या ॲपच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जुन्या ग्राहकाला सवलत द्यायची सरळ सोय स्टोअरमध्ये नाही. नवी आवृत्ती बहुतेक वेगळं ॲप म्हणूनच येते, पूर्ण किमतीला. साइटवाल्यांनी मला सवलत कबूल केली आहे, तो मेल जपून ठेवलाय.

तिसऱ्या मशीनवर अजून स्टोअरचंच आहे. ते नवरा वापरतो, म्हणून स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी लावली आहे: कमांड, शिफ्ट, पूर्णविराम. डॉट पब नाही, दुसरी.