सोनी की मॅरँट्झ? जुना फील्ड रेकॉर्डर घेताना

व्यावसायिक दर्जाचा कॅसेट रेकॉर्डर शोधायला निघालात, की दोन यंत्रं हमखास समोर येतात: सोनीचा टीसी-डी५एम आणि मॅरँट्झचा पीएमडी२२२. दोन्ही खांद्याला अडकवून फिरायची, दोन्ही रेडिओच्या कामात मुरलेली. तरी त्यांचं काम एक नाही. म्हणून किंमत विचारण्याआधी ठरवा, तुम्हाला गाणं टिपायचंय की बोलणं?

गाण्यासाठी मी डोळे मिटून सोनी घेईन. १९८० च्या सुमाराचं हे यंत्र स्टिरिओ आहे, मेटल टेप (धातूच्या कणांचा लेप असलेली) चालवतं, डॉल्बी बी (टेपची सरसर कमी करणारी सोय) आहे आणि टॉर्चच्या दोन मोठ्या सेलांवर चालतं. पातळी हाताने लावायची, नजर काट्यांच्या दोन मीटरवर. पखवाजाची थाप अचानक उसळली तर सावरायला लिमिटर आहे. खरी मातब्बरी टेपच्या स्थिर वेगात. तानपुरा रेकॉर्ड करून ऐका. वेगात जराही थरथर असेल तर त्या लांब सुरात ती लपत नाही. इथे सूर सरळ राहतो.

उणीव एकच, पण मोठी: हेड, म्हणजे टेपला टेकणारा भाग, दोनच; एक पुसतं, दुसरंच रेकॉर्डही करतं आणि वाजवतंही. रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोनमध्ये येतो तो माइककडून आलेला आवाज, टेपवर उमटलेला नव्हे. हेडवर मळ साचला असेल, तर ते टेप मागे घेऊन ऐकल्यावरच कळणार.

पीएमडी२२२ नेमका इथे भारी पडतो. त्याला तीन हेड आहेत, वाजवणारं वेगळं, त्यामुळे टेपवर उमटलेला आवाज क्षणभराने लगेच कानावर येतो. नव्वदीच्या आजी जात्यावरच्या ओव्या सांगत असतील, तर ‘पुन्हा एकदा म्हणा’ असं सांगून तीच ओवी त्याच ओघात मिळत नाही. मुलाखती आणि मौखिक इतिहासाला म्हणूनच माझं मत मॅरँट्झला. माइकसाठी एक्सएलआर (व्यावसायिक माइकचं तीन पिनांचं) सॉकेट आहे, लांब वायरीलाही घरघर कमी. अर्ध्या वेगाची सोयही आहे: ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ ऐवजी ९० मिनिटं चालते. मात्र आवाजातली चमक उतरते आणि ती टेप साध्या डेकवर दुप्पट वेगाने पळते. जपून ठेवायचं असेल त्यासाठी हा वेग वापरू नका.

घरातल्या जुन्या कॅसेट संगणकावर घ्यायच्या असतील तर पीएमडी२२२ नको. तो मोनो आहे. स्टिरिओ टेपचे दोन्ही ट्रॅक तो एकत्र वाचतो, वेगळे मिळत नाहीत.

पिशवी लहान असेल तर सोनीचाच डब्ल्यूएम-डी६सी बघा. चार पेन्सिल सेल, डॉल्बी सी, आवाज उत्तम.  

यातलं कुठलंही यंत्र आता नवं मिळणार नाही. रबर कडक झालेलं असणार, म्हणून दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवूनच सौदा करा. आणि घेताना पाच मिनिटं रेकॉर्ड करून ती टेप दुसऱ्या, चांगल्या डेकवर वाजवून बघा. दोन हेडच्या यंत्रात रेकॉर्ड करणारं आणि वाजवणारं हेड एकच असतं; ते तिरकं असलं तरी स्वतःची टेप स्वच्छच वाजवतं.