बडोद्यातल्या छोट्या वेबसाइटसाठी ॲमेझॉन लाइटसेल

दांडिया बाजारातलं दुकान, एखादं वाचनालय, गणेश मंडळ, नाहीतर क्लासेस. यांची साइट पहिल्यांदाच क्लाउडवर चढवायची असेल तर लाइटसेल (ॲमेझॉनचा ठरलेल्या मासिक दरात मिळणारा भाड्याचा छोटा सर्व्हर) घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. महिन्याचं बिल किती येणार हे आधीच कळतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. ईसीटू या ॲमेझॉनच्याच मोठ्या सर्व्हर-सेवेत सर्व्हर, डिस्क, आयपी आणि डेटा यांचे आकडे वेगवेगळे धावतात आणि नवखा माणूस गोंधळतो. इथे ५१२ एमबी रॅमचा प्लॅन ५ डॉलर, १ जीबीचा ७ आणि २ जीबीचा १२ डॉलर. वर १८ टक्के जीएसटी धरा.

वर्डप्रेससाठी (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) ५१२ एमबी घेऊ नका. चार जण एकदम आले की मेमरी संपते, सर्व्हरवरचं लिनक्स मायएसक्यूएल हा डेटाबेसच बंद करून टाकतं आणि पडद्यावर डेटाबेसशी संपर्क होत नसल्याची पाटी झळकते. १ जीबी घ्या, त्यात १ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) जोडा, छोटी साइट नीट चालते. त्याहून मोठा सर्व्हर उगाच आधीपासून नको. स्नॅपशॉटवरून (सर्व्हरच्या जपून ठेवलेल्या पूर्ण प्रतीवरून) मोठ्या प्लॅनवर जाता येतं, लहान प्लॅनवर उतरता येत नाही.

रीजन, म्हणजे सर्व्हर असण्याचं ठिकाण, मुंबईच निवडा. बडोद्याहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला एक फेरी मारायला २०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात आणि एका पानासाठी अशा कितीतरी फेऱ्या होतात. मुंबईत एक गोष्ट मात्र खटकते: इथे डेटाचा कोटा निम्मा मिळतो. १ जीबीच्या प्लॅनला इतरत्र २ टीबी, मुंबईत १ टीबी. एरवी तो संपत नाही, पण गणपतीत मंडळाने आरतीचा २० एमबीचा व्हिडिओ थेट सर्व्हरवर ठेवला आणि तो ५०,००० वेळा पाहिला गेला, की १,००० जीबी गेलेच. व्हिडिओ यूट्यूबवर टाका आणि साइटवर तो फक्त एम्बेड करा.

सर्व्हर उभा राहिला की आधी स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, जोडा. तो जोडलेला नसेल तर सर्व्हर बंद करून चालू केल्यावर आयपी बदलतो आणि डोमेन भलतीकडे बोट दाखवत राहतं. जोडलेला असेपर्यंत हा आयपी फुकट आहे. नुसता पडून राहिला तर तासाभरानंतर त्याचे पैसे लागतात.

नवशिके सगळ्यात जास्त अडकतात ते एचटीटीपीएसपाशी, म्हणजे साइटच्या सुरक्षित जोडणीपाशी. नुसतं उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) घेतलं तर फायरवॉलमध्ये २२ आणि ८० हे दोनच पोर्ट, म्हणजे ये-जा करायची दारं, उघडे असतात. सर्टबॉट हा प्रोग्रॅम ८० वरून पडताळणी करून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट प्रमाणपत्र आणतो, सगळं यशस्वी झाल्याचं सांगतो, आणि तरी साइट उघडत नाही. मग लोक रात्रभर एनजिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग उकरत बसतात. दोष तिथे नसतोच. लाइटसेलच्या नेटवर्किंग टॅबमध्ये जाऊन एचटीटीपीएसचा ४४३ उघडा. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) चालू असेल तर त्याची यादी वेगळी असते, तिथेही उघडा. पोर्ट ८० बंद करू नका, प्रमाणपत्राचं नूतनीकरण त्यावरूनच होतं.

डोमेनसाठी आहे तिथेच ए रेकॉर्ड (डोमेन कुठल्या आयपीवर जातं ती नोंद) बदललेला बरा. नेमसर्व्हरच (डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) लाइटसेलवर आणायचे असतील तर आधी जुने एमएक्स रेकॉर्ड (ईमेल कुठे पोचवायचे त्या नोंदी) उतरवून घ्या. ते नव्या जागी टाकायचे राहून गेले की साइट चालते, पण दुकानाचे ईमेल यायचे थांबतात आणि ते लक्षात यायला दोन-दोन दिवस जातात. साइटवरून मेल पाठवायला २५ क्रमांकाचा पोर्ट आपोआप मिळत नाही; एसएमटीपी (मेल पाठवणारी) सेवा घेऊन ५८७ वापरा.

ऑटोमॅटिक स्नॅपशॉट पहिल्याच दिवशी चालू करा, शेवटचे सात दिवस जपले जातात. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) द्यावी लागते: २२:०० लिहिलं म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. मराठी-गुजराती मजकूर असेल तर डेटाबेस यूटीएफ८एमबी४ या अक्षर-पद्धतीमध्येच ठेवा, नाहीतर जुनी साइट आणताना अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात.

आणि सर्व्हर नुसता 'स्टॉप' केल्याने बिल थांबत नाही. तो डिलीटच करावा लागतो. डिलीट केला की ऑटोमॅटिक स्नॅपशॉटही त्याच्याबरोबर जातात, म्हणून त्याआधी एक स्नॅपशॉट हाताने काढून ठेवा. त्याला महिन्याला जीबीमागे ५ सेंट पडतात.